पहिली रिसर्च ग्रँट: तरुण सर्जननं मागावी तरी कशासाठी?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात जनरल सर्जरीत असिस्टंट प्रोफेसर आहे. एमएस झालं, बाँडचं वर्षही संपलं, आता कायम पोस्टवर आहे. इथे डॉक्टर मंडळी बरीच आहेत, आणि डॉक्टर नसलेली पण सरकारी कागदांत मुरलेली मंडळी त्याहून जास्त आहेत. म्हणून धागा इथेच काढतोय.

आमच्याकडे वर्षाला साधारण दीडशे परफोरेशनचे रुग्ण येतात. जठराला किंवा आतड्याला भोक पडलेलं, पोटात पू झालेला, दुखायला लागून दोन-तीन दिवस उलटलेले. आधी गावात सलाइन, मग तालुक्याला सोनोग्राफी, मग रात्री आमच्याकडे. पोट उघडतो, धुतो, भोक बंद करतो. शेवटी प्रश्न उरतो कातडीचा. टाके लगेच घालायचे, की जखम उघडी ठेवून ड्रेसिंग करत राहायचं आणि चार-पाच दिवसांनी स्वच्छ दिसली की शिवायचं? आमच्या एका युनिटमध्ये सगळ्यांची लगेच शिवतात, शेजारच्या युनिटमध्ये सगळ्यांची उघडी ठेवतात. लगेच शिवलेली पिकली तर टाके उसवावे लागतात, माणूस वॉर्डात अडकून पडतो आणि त्याची सोयाबीनची काढणी बुडते. उघडी ठेवली तर रोजच्या ड्रेसिंगच्या वेदना सगळ्यांनाच, ज्यांची पिकलीच नसती त्यांनाही.

यावर छोटे अभ्यास बरेच आहेत, पण आमच्यासारख्या ठिकाणच्या रुग्णांवर ठामपणे काही सांगेल असं मला सापडलं नाही. मला नीट रँडमाइज्ड ट्रायल करायची आहे, म्हणजे कुणाची जखम लगेच शिवायची आणि कुणाची नंतर हे चिठ्ठीनं ठरवून तुलना. आमचे एचओडी (विभागप्रमुख) भले माणूस आहेत. ते म्हणाले, ‘पेपर हवा असेल तर जुन्या फायली काढ आणि रेट्रोस्पेक्टिव्ह लिही.’ पण मला पेपर नको आहे, उत्तर हवं आहे.

प्रश्न तीन. अर्ज कुठे करू? पैसे नेमके कशासाठी मागू? आणि आठवड्याला दोन ओपीडी, दोन ओटी आणि एक इमर्जन्सी सांभाळून हे करायला वेळ कुठून आणू?

वऱ्हाडी_ठसा

धाग्याबद्दल आभार. मी विदर्भातल्या कॉलेजात बरीच वर्षं शिकवतो आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे.

आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) एक्स्ट्राम्युरल, म्हणजे बाहेरच्या संस्थांना पैसे देणाऱ्या, योजनेत आता दोन पायऱ्या आहेत. स्मॉल ग्रँट २ कोटींपर्यंत आणि इंटरमीजिएट २ ते ८ कोटी. तुमचा विषय स्मॉलमध्ये आरामात बसतो. एएनआरएफ या केंद्राच्या संशोधन-निधी संस्थेची (पूर्वीची एसईआरबी त्यातच विलीन झाली) तरुण संशोधकांसाठी प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँट आहे, ३ वर्षांत ६० लाखांपर्यंत. पण तिथला कल प्रयोगशाळेतल्या विज्ञानाकडे जास्त आहे. कातडी शिवायची की नाही हा प्रश्न तिथे नेलात तर तपासणाऱ्याला त्याचं वजन कळेलच असं नाही. तिसरी डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टची इंडिया अलायन्स. २००८ पासून चालू आहे, ऑफिस हैदराबादला. तिथे डॉक्टरांसाठी वेगळी क्लिनिकल अँड पब्लिक हेल्थ फेलोशिप आहे, वयाची अट नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली: १,५०० कोटी, त्यातले १,००० केंद्राचे, ५०० वेलकमचे. पण ती माणसावर लावलेली पैज असते, एका ट्रायलवर नाही. तिथे पुढच्या पाच वर्षांचं स्वप्न मांडावं लागतं.

आणि एक अडचण आत्ताच सांगतो. तुमच्या ट्रायलमध्ये मोजणार काय? शिवलेल्या जखमेत इन्फेक्शन ओळखता येतं. उघडी ठेवलेल्या जखमेत इन्फेक्शन कशाला म्हणणार? त्यात स्राव असणारच. मी असतो तर ३० दिवसांत जखम पूर्ण भरली का, आणि पुन्हा ओटीत न्यावं लागलं का, हे मोजलं असतं. रुग्णालाही तेच कळतं. कमिटी हाच प्रश्न पहिला विचारेल.

मिरचीचा_ठेचा

वाखू (वाचनखूण) साठवली. माझी बहीण सीनियर रेसिडेंट आहे, तिला पाठवते आहे.

आकडेमोड

मी बायोस्टॅटिस्टिक्स शिकवते. गोदाकाठ, मूळ पोस्टमध्ये एक आकडा आहे, वर्षाला दीडशे रुग्ण. सगळं तिथूनच ठरणार आहे.

समजा, आज शंभरातल्या ४० जखमा पिकतात आणि तुमच्या पद्धतीनं त्या २५ वर येतील असं तुम्हाला वाटतं. नेहमीचे निकष (५ टक्के अल्फा, म्हणजे नसलेला फरक दिसण्याची शक्यता; ८० टक्के पॉवर, म्हणजे असलेला फरक सापडण्याची शक्यता) लावले तर प्रत्येक गटात १५० च्या आसपास रुग्ण लागतात. म्हणजे ३००, दोन वर्षांचं काम. पण ४० वरून २५ ही फारच मोठी उडी झाली. वास्तवात ती ४० वरून ३० वर आली तरी तो मोठा विजय आहे, आणि तो पकडायला प्रत्येक गटात साधारण ३५५ लागतात. दोन्ही मिळून ७१०. दहा टक्के लोक हाताशी लागणार नाहीत असं धरलं तर ७९०. एकट्या तुमच्या कॉलेजात पाच वर्षांहून जास्त. तेवढ्यात तुमची बदली होईल.

म्हणून अर्जात आशावादी आकडा लिहून ३०० वर ट्रायल उरकू नका. ‘फरक आढळला नाही’ असा निष्कर्ष निघेल आणि दहा वर्षं कुणी पुन्हा हात लावणार नाही. छोटी ट्रायल निरुपद्रवी असते असं लोकांना वाटतं, ती तशी नसते. तीनशे रुग्णांनी विश्वासानं सही केलेली असते.

चार कॉलेजं गोळा करा. दीड-दोन वर्षांत संपेल. वऱ्हाडी सरांनी सुचवलेला निकष घेतलात तर हे गणित पुन्हा मांडावं लागेल. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मांडून देते.

कोकणचो_डॉक्टर

मी वेगळं मत मांडतो, राग नसावा. तालुक्याच्या गावात माझं पंचवीस खाटांचं हॉस्पिटल आहे. ग्रँटशिवाय संशोधन होत नाही ही समजूतच मला मान्य नाही.

आमच्या महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर बघा. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करताना विंचूदंशानं माणसं, विशेषतः मुलं, डोळ्यांदेखत मरताना त्यांनी पाहिली. खाटेशी बसून नोंदी केल्या, नाडी, रक्तदाब, घाम, हातपाय गार पडणं. १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं आणि मृत्यू झपाट्यानं कमी झाले. २०११ मध्ये महाडहूनच रँडमाइज्ड ट्रायल ‘बीएमजे’त. कुठलं मोठं कॉलेज पाठीशी नव्हतं. डोळे उघडे, वही जवळ, आणि जिद्द.

तरुणांनी आधी वही भरावी. ग्रँट नंतर.

मृण्मयी_ज

कोकणचो_डॉक्टर, बावस्कर सरांबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे. पण एका माणसानं अनवाणी घाट चढला म्हणून सगळ्यांना चपला नाकारायच्या का? त्यांच्यासारखे किती जण नोंदी करत करत थकून गेले, हे आपल्याला कधीच कळणार नाही. त्यांचं नाव कुठे छापून आलं नाही.

मी दुसरी गोष्ट सांगते, तीही आपल्याच मातीतली. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर, ग्रामीण सर्जन. हर्नियात घालायची जाळी विकत घेणं गरिबाला परवडत नाही हे ते रोज बघत होते. १९९०च्या दशकात त्यांनी मच्छरदाणीचं कापड तपासलं. तेही तशाच जातीचं प्लॅस्टिक. तुकडे कापून, निर्जंतुक करून ते वापरायला लागले. असोसिएशन ऑफ रूरल सर्जन्स ऑफ इंडियातले इतर सर्जन सामील झाले आणि २००३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त अनेक केंद्रांचे प्राथमिक निष्कर्ष आले. प्राथमिक हा शब्द त्यांनी स्वतः शीर्षकात घातला आहे.

पुढचं पाऊल होतं मोठी रँडमाइज्ड ट्रायल. ती झाली. २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आली. मच्छरदाणीची जाळी आणि कंपनीची जाळी, ३०२ पुरुष, वर्षभर पाठपुरावा. हर्निया पुन्हा होण्याचं प्रमाण स्वस्त जाळीत ०.७ टक्के, महाग जाळीत शून्य, म्हणजे फरक म्हणण्याजोगा काहीच नाही. ही ट्रायल झाली युगांडात, स्वीडिश संशोधकांच्या पुढाकारानं आणि स्वीडिश रिसर्च कौन्सिलच्या पैशानं.

मला युगांडाचं किंवा स्वीडनचं वाईट वाटत नाही, त्यांनी उत्तम काम केलं. वाईट याचं वाटतं की खानदेशातल्या सर्जननं विचारलेल्या प्रश्नाला पुढे न्यायला इथे रँडमायझेशन करणारं, वर्षभर रुग्णांच्या मागे जाणारं, डेटा भरणारं कुणी नव्हतं. कल्पना होती, हात होते, रुग्ण होते. पाठपुराव्याचे पैसे नव्हते. वही भरून प्रश्न सापडतो. उत्तर सिद्ध करायला पगारी माणसं लागतात.

सदाफुली

मृण्मयी, +१. टोणगावकर सरांचं हे मला माहीतच नव्हतं. माझं माहेर शिंदखेड्याचं, दोंडाईचाला लहानपणापासून जाणं-येणं.

कोकणचो_डॉक्टर

मृण्मयीताई, मुद्दा पोचला. पाठपुराव्याबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. माझा आग्रह एवढाच की अर्ज लिहिण्याआधी शंभरेक रुग्णांची नोंद स्वतः ठेवावी. त्याशिवाय ‘आज ४० टक्के पिकतात’ हा आकडा येणार कुठून?

आकडेमोड

कोकणचो_डॉक्टर, अगदी सहमत. तो आकडा स्वतःच्या वॉर्डातलाच हवा.

रामरक्षा

मी डॉक्टर नाही, रुग्णाची मुलगी आहे. गोदाकाठ यांचा हेतू चांगला दिसतो, पण मनात आहे ते बोलते. माझ्या वडिलांना एका मोठ्या हॉस्पिटलात अभ्यासात घेतलं होतं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री एक तरुण डॉक्टर आले, इंग्रजी फॉर्म पुढे केला आणि ‘इथे सही करा, नेहमीचंच आहे’ म्हणाले. आम्ही केली. नंतर कळलं की कुठलं औषध द्यायचं ते चिठ्ठी काढल्यासारखं ठरलं होतं. वडील बरे झाले. पण फसवल्यासारखं वाटलं ते वाटलंच. तुमच्या परफोरेशनच्या रुग्णाला रात्री दोन वाजता, पोट दुखत असताना, तुम्ही काय समजावणार?

गोदाकाठ

रामरक्षाताई, बरं झालं विचारलंत. हाच भाग मला सर्वांत अवघड वाटतो. आमची एथिक्स कमिटी मराठी माहितीपत्रकाशिवाय प्रस्ताव हातातच घेत नाही, आणि सीटीआरआयवर (ट्रायलची राष्ट्रीय नोंदवही) नोंदणी झाल्याशिवाय पहिला रुग्ण घेता येत नाही. पण कागद मराठीत असला म्हणजे समजला असं होत नाही, हे तुमच्या अनुभवावरून दिसतंच. तोंडी सांगायचं ते मी असं लिहून काढलं आहे: ‘तुमचं ऑपरेशन दोन्ही प्रकारांत सारखंच होईल. शेवटी वरची कातडी आजच शिवायची की चार दिवसांनी, यातलं कुठलं बरं हे आम्हाला खरंच माहीत नाही. ते चिठ्ठीनं ठरेल. नको असेल तर नाही म्हणा, उपचार तसेच होतील आणि कुणी काही बोलणार नाही.’ कसं वाटतं?

रामरक्षा

हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर आनंदानं सही केली असती. ‘आम्हाला खरंच माहीत नाही’ हे वाक्य काढू नका.

परिचारिका_पुणे

गोदाकाठ सर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिते. मी स्टाफ नर्स होते, नंतर एका मोठ्या ट्रायलमध्ये रिसर्च नर्स म्हणून काम केलं. पैसे माझ्यासारख्यांसाठी मागा. हे स्वतःच्या व्यवसायाची बाजू घेऊन म्हणते आहे आणि मनापासून म्हणते आहे.

तीस दिवसांचा पाठपुरावा म्हणजे काय ते सांगते. रुग्ण सातव्या-आठव्या दिवशी घरी जातो. केसपेपरवर जो मोबाइल नंबर असतो तो बहुतेक वेळा त्याचा नसतो. मुलाचा असतो, शेजाऱ्याचा असतो, ज्याच्या गाडीतून आणलं त्याचा असतो. मी भरती झाल्या दिवशी तीन नंबर घ्यायचे, प्रत्येकापुढे नातं लिहायचे आणि तिथल्या तिथे एकदा लावून बघायचे. गावचा, वस्तीचा, आशाताईंचा पत्ता वेगळा. फोन दुपारी करायचा नाही, माणसं शेतात असतात. संध्याकाळी सातनंतर. ‘इन्फेक्शन झालंय का’ असं विचारलं की सगळे ‘नाही नाही’ म्हणतात. म्हणून ‘धोतराला किंवा लुगड्याला डाग लागतो का, कापड चिकटतं का, वास येतो का’ असं विचारायचं. मग नातवाला फोन द्यायला सांगून फोटो मागवायचा, उजेडात, जवळ पट्टी किंवा काडेपेटी ठेवून, म्हणजे मापाचा अंदाज येतो.

हे ओटी संपवून आलेल्या सर्जननं करायचं ठरवलं तर पहिला महिना होतं. दुसऱ्या महिन्यापासून रकाने रिकामे दिसायला लागतात. आणि अजून एक. ३० व्या दिवशी जखम भरली की नाही हे ठरवणारा माणूस ऑपरेशन करणारा नको. ज्याला गट माहीत नाही अशानं फोटो बघावा. त्यासाठीही माणूस लागतो.

रुग्ण तपासायला परत आला तर एसटीचं जाता-येता भाडं आणि सोबतच्या एकाचं भाडं द्या. बजेटमध्ये ही ओळ विसरू नका.

वऱ्हाडी_ठसा

परिचारिका_पुणे, तुमचा प्रतिसाद छापून आमच्या विभागात लावणार आहे. तुमची हरकत नसेल तर.

परिचारिका_पुणे

जरूर लावा सर.

निवृत्त_लेखापाल

मी एका विज्ञान संस्थेच्या लेखाशाखेतून निवृत्त झालो. डॉक्टरांना या भागाची धास्ती असते, म्हणून सविस्तर लिहितो.

पैसे शीर्षानुसार मंजूर होतात. मनुष्यबळ, आकस्मिक खर्च, प्रवास, उपकरणं, संस्थेचा ओव्हरहेड. एका शीर्षातले दुसऱ्यात वापरायचे तर आधी लेखी परवानगी. म्हणून अर्ज भरतानाच विचार करून आकडे घाला. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. त्यानंतर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे तुम्ही ज्याला यूसी म्हणता ते, जीएफआर १२-ए नमुन्यात, आणि सोबत खर्चाचं विवरणपत्र. ते पोचल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. अनेक प्रकल्पांत एप्रिलपासून माणसांचे पगार थकतात ते इथेच. संशोधकाला वाटतं दिल्लीनं पैसे अडवले, आणि कागद बघितले तर यूसी आपल्याच लेखाशाखेच्या टेबलावर सहीसाठी पडलेली असते. फेब्रुवारीतच लेखापालाला जाऊन भेटा. त्याला ट्रायल काय आहे ते पाच मिनिटं समजावून सांगा. फायलीमागचा रुग्ण दिसला की कारकुनाचाही हात चालतो, हे मी खात्रीनं सांगतो.

उपकरण नको असेल तर मागूच नका. खरेदी म्हणजे जेम पोर्टल (सरकारी खरेदीची वेबसाइट), तांत्रिक तपशील, खरेदी समिती, आणि पहिलं वर्ष त्यातच जातं. तुमच्या ट्रायलला लागतंय काय? दोन माणसं, फोन, छपाई, एसटीचं भाडं.

गोदाकाठ

काका, इथेच मी अडलोय. आमच्याकडे सगळे म्हणतात उलट कर. निगेटिव्ह प्रेशरचं मशीन (जखमेतला स्राव ओढून घेणारं) माग, ते प्रकल्प संपल्यावर विभागाकडे राहतं. माणूस मागितला तर तीन वर्षांनी जातो, विभागाच्या हाती काही राहत नाही.

मृण्मयी_ज

मशीन राहतं कपाटात. उत्तर राहतं ते सगळ्या कॉलेजांत.

दुसरा_मजला

रेसिडेंट आहे, नाव-गाव सांगत नाही. वरचं सगळं वाचून बरं वाटलं, पण एक बोलायचं आहे. आमच्याकडे ‘ट्रायल’ म्हणजे रेसिडेंटनं भरायचे फॉर्म. ३६ तासांच्या ड्यूटीनंतर गुगल शीट. आणि पेपर आला की नाव चौथं, कधी तेही नाही. एका सरांच्या प्रोजेक्टचा सगळा डेटा मी गोळा केला, कॉन्फरन्सला पोस्टर लागल्यावर कळलं की माझं नाव नाही. प्रबंध आहे, बीसीबीआरचा (संशोधनपद्धतीचा) कोर्स आहे, त्यावर हेही. गोदाकाठ सर, तुम्ही माणूस मागितला नाहीत तर तो माणूस आम्हीच असतो. एवढंच.

लेस्टरकर

दुसरा_मजला, तुमच्या पोस्टसाठीच लिहायला बसलो. मी ब्रिटनमध्ये कोलोरेक्टल (मोठ्या आतड्याचा) सर्जन आहे, मूळचा सोलापूरचा.

इथल्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. एक, अ‍ॅकॅडेमिक क्लिनिकल फेलोशिप. डॉक्टरांच्या संशोधन-प्रशिक्षणावरच्या २००५ च्या वॉलपोर्ट अहवालातून आली. ट्रेनी सर्जनला तीन वर्षं २५ टक्के वेळ संशोधनासाठी, पगारासह. रोटामध्ये (ड्यूटीच्या वेळापत्रकात) तसं लिहिलेलं असतं, तेव्हा कुणाचे पाय धरावे लागत नाहीत. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचे के अवॉर्ड (तरुण संशोधकांसाठीच्या ग्रँट) ७५ टक्के वेळ राखून ठेवायला लावतात, सर्जनना ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते, कारण हात चालता राहायला हवा हे त्यांनाही पटलेलं आहे. म्हणजे जगात पहिली ग्रँट मुख्यतः वेळ विकत घेते.

दुसरी जास्त महत्त्वाची. वेस्ट मिडलंड्समधल्या ट्रेनी सर्जननी एकत्र येऊन एक गट केला आणि रोसिनी नावाची ट्रायल केली, पोटाच्या ऑपरेशनमध्ये जखमेच्या कडांना प्लॅस्टिकचं संरक्षक कडं लावलं तर इन्फेक्शन कमी होतं का. २१ हॉस्पिटलं, ७६० रुग्ण. २०१३ मध्ये ‘बीएमजे’त आली. कडं लावलेल्यांत २४.७ टक्के, न लावलेल्यांत २५.४. म्हणजे काही उपयोग नाही. ही ट्रायल कुणा बड्या प्रोफेसरनं नाही, ट्रेनींनी चालवली. एक जण बदलून दुसऱ्या हॉस्पिटलात गेला की तिथे ट्रायल सुरू व्हायची. बदली ही अडचण न राहता तीच पसरण्याचा मार्ग झाली. आणि रुग्ण घेणाऱ्या प्रत्येकाचं नाव सहयोगी म्हणून छापलं गेलं.

महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजांतले रेसिडेंट हे करू शकतात. रुग्ण तर इथल्यापेक्षा कितीतरी जास्त.

दुसरा_मजला

सर, नाव छापून येणार असेल तर आमच्या कॉलेजातून निदान पाच जण मी गोळा करतो.

पणजीचो_पाव

अवांतर: चीता नावाची ट्रायलही अशीच होती ना? पोट बंद करण्याआधी हातमोजे आणि अवजारं बदलायची.

लेस्टरकर

अवांतर कसलं, अगदी विषयातलं. चीता, २०२२, ‘लॅन्सेट’. सात देश, भारतही त्यात, ८१ हॉस्पिटलं, १३,३०१ रुग्ण. इन्फेक्शन १८.९ वरून १६ टक्क्यांवर आलं. पैसे ब्रिटनच्या एनआयएचआर या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचे. प्रश्न बघा किती साधा आहे, आणि उत्तर आलं त्या दिवसापासून कुठल्याही जिल्हा रुग्णालयात वापरता येईल असं.

तळ्यात_मळ्यात

पण मग टाटा मेमोरियलचं काय? डॉ. बडवे यांच्या ट्रायलमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) टोचलं, १,६०० स्त्रिया, ११ केंद्रं, आणि पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के. डॉ. डिक्रूझ यांची तोंडाच्या कर्करोगातली मानेच्या गाठींची ट्रायल, २०१५, ‘न्यू इंग्लंड जर्नल’. गाठी सुरुवातीलाच काढल्या तर तीन वर्षं जगणारे ८० टक्के, वाट बघितली तर ६७.५. मुंबईच्या पुढाकारानं, भारतीय पैशात. म्हणजे आपल्याकडे होत नाही असं म्हणता येत नाही.

वऱ्हाडी_ठसा

तळ्यात_मळ्यात, होतं, आणि अभिमान वाटावा असं होतं. पण तिथे पाठीशी अणुऊर्जा विभाग आहे. संस्था कायमची पोसलेली आहे. ट्रायलची माणसं, स्टॅटिस्टिशियन, डेटा ठेवणारे हे सगळं सर्जन रुजू व्हायच्या आधीपासून तिथे असतं. जिल्ह्याच्या कॉलेजातल्या असिस्टंट प्रोफेसरला हे सगळं स्वतः उभं करावं लागतं आणि तेही एका ग्रँटच्या मुदतीत. आरोग्य संशोधन विभागानं सरकारी कॉलेजांत मल्टिडिसिप्लिनरी रिसर्च युनिट दिली, ती योजना मुळात चांगली आहे. गोदाकाठ, तुमच्याकडे असेल तर आधी तिथल्या माणसांना भेटा. जिथे ती नुसत्या पीसीआर मशीनपुरती उरली तिथे सर्जनला तिचा उपयोग नाही, जिथे एक ट्रायल कोऑर्डिनेटर ठेवला तिथे भरपूर.

खासगी हॉस्पिटलातल्या मंडळींसाठी सांगून ठेवतो: आयसीएमआरला अर्ज करायचा तर संस्थेला डीएसआयआरची (केंद्राचा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभाग) मान्यता लागते. ती आधी बघा, नाहीतर अर्ज लिहून झाल्यावर कळतं.

कोकणचो_डॉक्टर

माझं हॉस्पिटल त्यात बसत नाही. पण आमच्या तालुक्यातून सिंधुदुर्गला किंवा कोल्हापूरला पाठवलेल्या रुग्णांचा घरचा पाठपुरावा मी फुकट करीन. जखम बघून फोटो पाठवायला मला ग्रँट नको.

गोदाकाठ

मंडळी, दोन रात्री सगळा धागा पुन्हा वाचला. आता असं ठरवलं आहे.

मशीन मागत नाही. एचओडी सरांना परिचारिका_पुणे यांचा प्रतिसाद वाचायला दिला. सर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, ‘माणसंच माग. आणि तुझी एक ओपीडी मी सीनियर रेसिडेंटसोबत बघतो.’ वेळेचा प्रश्न पूर्ण सुटला नाही, पण गुरुवारची दुपार मोकळी झाली.

निकष बदलला: ३० दिवसांत जखम पूर्ण भरणं, आणि पुन्हा ओटीत जावं लागणं हा दुसरा. आकडेमोड मॅडमना व्यनि केला आहे. येत्या महिन्यापासून दोन्ही युनिटमधल्या प्रत्येक परफोरेशनची नोंद ठेवतोय, कोकणचो_डॉक्टर म्हणाले तशी. दोन कॉलेजांतले बॅचमेट तयार आहेत, विदर्भातलं तिसरं वऱ्हाडी सर बघतो म्हणाले. रुग्ण घेणाऱ्या प्रत्येक रेसिडेंटचं नाव सहयोगी म्हणून छापायचं, हे प्रोटोकॉलमध्येच लिहून टाकलं, म्हणजे पुढे कुणाला बदलता येणार नाही. आयसीएमआरच्या स्मॉल ग्रँटला अर्ज, चारही केंद्रांचा एकत्र. बजेटमध्ये प्रत्येक केंद्राला एक रिसर्च नर्स आणि एक फोन, मध्यवर्ती एक डेटा बघणारा, एसटीचं भाडं दोघांचं. उपकरणांच्या रकान्यात शून्य.

संमतीपत्रकाचा मसुदा तयार झाला की इथेच टाकतो. रामरक्षाताई, तुम्ही पहिल्यांदा वाचाल का?

रामरक्षा

वाचीन. आईलाही वाचून दाखवीन, ती चौथी शिकली आहे. तिला समजलं तर कुणालाही समजेल.

निवृत्त_लेखापाल

प्रवासाचं शीर्ष कर्मचाऱ्यांच्या दौऱ्यासाठी धरलं जातं. रुग्णांचं एसटी भाडं त्यात घालू नका, आकस्मिक खर्चात ‘रुग्ण प्रवास प्रतिपूर्ती’ म्हणून स्वतंत्र ओळ करा आणि भाडं दिल्याच्या पावतीवर अंगठ्याचीही सोय ठेवा. लेखापरीक्षणात हाच आक्षेप येतो.

दुसरा_मजला

सर, चौथं केंद्र ठरलं नसेल तर आमचं कॉलेज घ्या. युनिट हेड मॅडमशी आज राउंडनंतर बोललो. त्या म्हणाल्या प्रोटोकॉल पाठवा.